गोऱ्हे शिकवणारा उकंडा

उकंडाला राक्षस म्हणणारं कोणी घरी आलं तर मी त्याला चहा विचारत नाही. आणि उकंडा देवमाणूस होता असं कोणी म्हणालं तर माझं डोकंच फिरतं. अरे, मी पाहिलाय ना त्याला! दोन वर्षं रोज पाहिलाय. म्हाताऱ्या माणसाची बोटं मोडताना पाहिलाय आणि एका मुक्या तरुणासमोर फुटाण्याची पुडी घेऊन तासन्‌तास उकिडवा बसलेलाही पाहिलाय. दोन्ही वेळेला हात त्याचेच होते. तेव्हा मधल्यामध्ये कोणी मला शहाणपणा शिकवू नये.

मी सुहासिनी. वडील यवतमाळच्या कोर्टात नाझर, आजोबा सरकारी कारकून. घरात शाई आणि फायली यांच्यातच वाढले. मानसशास्त्रात एम.ए. केलं आणि सव्विसाव्या वर्षी दिग्रसच्या बाहेरच्या एका केंद्रात समुपदेशक म्हणून लागले. केंद्राचं नाव घेऊन मी तोंड विटाळणार नाही. ते आता बंद आहे. बंद पडलेल्या एका जिनिंगच्या जागेत ते होतं. जिथे पूर्वी कापसाचे ढीग लागायचे तिथे खाटा, आणि खाटांच्या पायांना दोर.

कापसानं जिल्ह्याचं कंबरडं मोडलं होतं ती ही वर्षं. रोज पेपरात कोणाचं तरी नाव असायचं. घराघरांत अशी दहशत बसली होती की माणूस दोन दिवस गप्प राहिला, ताटावरून उठला, की बायका फवारणीची औषधं लपवायच्या आणि भाऊबंद त्याला जीपमध्ये घालून आमच्याकडे आणून टाकायचे. शेतकरीच यायचे असं नाही. मास्तर, कारकून, दारुडे, भोळसट, कोणीही. माझ्या वेळी चौतीस माणसं होती. डॉक्टर पंधरा दिवसांतून एकदा यायचे आणि अर्ध्या तासात जायचे. बाकी सगळा कारभार क्षितिज साहेबांचा. साहेब हे नुसतं म्हणायचं, त्यांनी जन्मात वैद्यकाचं एक पुस्तक उघडलेलं नव्हतं.

तिथे उकंडा सेवक म्हणून लागला. त्याआधी पंचवीस वर्षं तो गोऱ्हे शिकवायचा. म्हणजे तरण्या, न जुंपलेल्या बैलांना जुवाची सवय लावून द्यायची. दिग्रस, आर्णी, पार दारव्ह्यापर्यंत लोक त्याच्याकडे गोऱ्हे आणून सोडायचे. मग बैलच राहिले नाहीत. ज्याच्या-त्याच्या दावणी रिकाम्या झाल्या, ट्रॅक्टर भाड्यानं येऊ लागले, उकंडाच्या दारात कोणी येईना. क्षितिज साहेबांनी त्याचं नाव ऐकलं आणि त्यांना वाटलं, वा! जनावरं वठणीवर आणणारा माणूस, आपल्याला असाच पाहिजे.

पहिला आठवडाभर उकंडानं कोणाला बोटही लावलं नाही. आठव्या दिवशी एका दारुड्यानं त्याच्या दंडाचा लचका तोडला. साहेब व्हरांड्यातून ओरडले, "उकंड्या, बांगड्या भरल्या काय बे?" उकंडाकडे त्याची जुनी तुतारी होती. तुतारी म्हणजे आमच्याकडे बैल हाकायची काठी, टोकाला खिळा असलेली. खिळा त्यानं काढून ठेवला होता. ती काठी त्यानं उचलली आणि दारुड्याच्या पोटऱ्यांवर, पाठीवर, मानेवर अशी काही ओढली की तो माणूस जमिनीवर पडून गुरासारखा हंबरला. मग एकदम गप्प. आणि तो गप्प झाला तशी बाकीची अख्खी खोली गप्प. तेहतीस माणसं. पंख्याचा आवाज ऐकू येत होता. उकंडा काठी धरून उभा होता, धापा टाकत, आणि त्याच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते मला नीट आठवतं. त्याला बरं वाटलं होतं.

त्या शांततेची चटक लागते. मी पुस्तकात वाचलं होतं, पण डोळ्यांनी तिथे पाहिलं. मार खाणारा काय शिकतो ते नंतर कळतं. मारणारा मात्र तिथल्या तिथे शिकतो, कारण त्याला हवं ते त्याच क्षणी मिळतं. एका महिन्यात उकंडा दिवसाला चार-पाच जणांना झोडपू लागला. रडलं की मार, ओरडलं की मार, पाणी दुसऱ्यांदा मागितलं की मार. एकाला त्यानं हिवाळ्यात हौदात बुडवून धरला, तो निळा पडेपर्यंत. पुढे पुढे काठी उचलायचीही गरज उरली नाही. त्याची चप्पल वाजली की माणसं आपोआप भिंतीला पाठ लावून बसायची.

आणि मी? मी वही भरत होते. हो, सांगते ना. लपवायचं असतं तर लिहायलाच बसले नसते. शांत बसला की त्याच्या नावापुढे खूण, खुणा जमल्या की बक्षीस, ही योजना माझीच. कॉलेजात शिकले होते की चांगल्या वागण्याला बक्षीस दिलं तर माणूस सुधारतो. मला वाटलं होतं गोळ्या-बिस्किटं देऊ, कॅरम आणू. साहेब म्हणाले, खर्च कायले करता मॅडम? त्यांनी आधी सगळ्यांच्या गाद्या काढून घेतल्या, संध्याकाळचा चहा बंद केला, घरची पत्रं कपाटात घातली. मग म्हणाले, आता हे बक्षीस म्हणून द्या. म्हणजे जे मुळात त्यांचंच होतं ते हिसकावून घ्यायचं आणि गप्प बसण्याच्या बदल्यात तुकड्या-तुकड्यानं परत द्यायचं. मी एम.ए. झालेली बाई, मला हे कळत नव्हतं का? कळत होतं. मी खुणा करत राहिले.

सगळ्यांत जास्त खुणा दीनानाथ काकांच्या. वणीचे निवृत्त हेडक्लार्क, पासष्ट वर्षांचे. बायको गेल्यावर ते रात्री-बेरात्री तिला शोधायला घराबाहेर पडायचे म्हणून मुलानं आणून टाकलं. मुलगा मोठा अधिकारी. आल्यावर तिसऱ्याच दिवशी काकांनी आपला चष्मा परत मागितला. चष्मा खुणांशिवाय मिळत नव्हता. त्यांनी मागितला, पुन्हा मागितला, मग दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले, हलेनात. उकंडानं त्यांच्या चौकटीवरच्या हातावर काठी मारली. दोन बोटं मोडली. आवाज मला माझ्या खोलीत ऐकू आला. त्या दिवसानंतर काकांनी कशाला नाही म्हटलं नाही. "हो जी." जेवा, हो जी. उठा, हो जी. माझ्या वहीच्या रेघा ते डाव्या हातानं पट्टी धरून आखून द्यायचे, उजव्या हाताची बोटं वाकडीच जुळली होती. वर्षभर त्यांच्या नावापुढे रोज एकच शब्द, शांत. येणाऱ्या-जाणाऱ्यांना साहेब त्यांनाच दाखवायचे. पाहा, किती सुधारले!

एकदा मी उकंडाला न राहवून विचारलंच. "उकंडाभाऊ, तुम्ही बैलांनाही असंच मारायचे का?"

तो केवढा चिडला! "बैलाले? बैलाले कोनी मारते काय मॅडम? पंचवीस वर्षांत एका गोऱ्ह्यावर काठी टाकली नाई म्या. खिळा तं फकत शोभेले होता."

"मग शिकवायचे कसे?"

बोलता बोलता त्याचा आवाजच बदलला. म्हणाला, गोऱ्हा आला की पहिले चार दिवस त्याच्याजवळ नुसतं बसायचं, हातात सरकीची ढेप घेऊन. मग मानेला हात. मग मानेवर जू ठेवायचं, क्षणभर. "आन् हे ध्यानात ठेवा मॅडम, त्यानं मान झटकायच्या आधी जू आपन काढाव. झटकल्यानं निंगालं तं तो झटकाचंच शिकते. आधी काढलं तं त्याले वाटते, हा मानूस बरा हाय, याच्यापासून भ्याचं नाई."

दोन वर्षं पुस्तकातून मी जे पाठ केलं होतं ते हा माणूस गोठ्यात बसून शिकला होता. मी म्हटलं, "अहो, मग हे इथल्या माणसांशी का करत नाही?"

"जनावराले समजत नाई," तो म्हणाला, "म्हून त्याले मारू नये. मानसाले समजते. समजून-उमजून करते. म्हून मानसाले माराव."

हा त्याचा कायदा होता. आमच्या भागात हा कायदा घराघरांत आहे, शाळांत आहे, ठाण्यांत आहे. उकंडानं तो काही नव्यानं काढला नव्हता.

मग मुकुटबनचा सोनू आला. चोवीस वर्षांचा, चांगल्या शेतीवाडीच्या घरातला, आई वच्छलाबाई, वडील नाहीत. वेचणीच्या दिवसांत एका दुपारी तो शेतातून घरी आला आणि बोलायचा थांबला. का, ते कोणालाच कळलं नाही. कोणी जवळ गेलं की भिंतीवर डोकं आपटायचा. कपाळावर एकावर एक खपल्या. उकंडानं पहिल्या दिवशी त्याला काठीनं फोडला, तर त्यानं डोकं इतकं आपटलं की भिंतीवर रक्ताचा हात फिरवल्यासारखा पट्टा उमटला. दुसऱ्या दिवशी दोर लावले तर खाटेच्या लोखंडावर आपटलं. जितका मार, तितकं डोकं. उकंडा पहिल्यांदाच हरला.

साहेबांनी निकाल दिला. "पोळ्यापर्यंत शांत झाला तं ठीक. नाई तं मागच्या शेडमध्ये."

मागचं शेड म्हणजे जिनिंगची जुनी सरकीची कोठी. खिडकी नाही. तिथे तीन माणसं साखळीला होती आणि तिथून घरी गेलेला माणूस मी पाहिलेला नव्हता. वच्छलाबाईंना हे कसं कोण जाणे कळलं. मुकुटबनहून दोन एसट्या बदलून त्या आल्या आणि फाटकाशी उकंडाचे पायच धरले. "बापा, तुहाच भरवसा हाय. माह्या पोराले तिकडं जाऊ देऊ नको."

उकंडा पाय सोडवून घेत चालता झाला. पण दुपारी माझ्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, या सोन्याले कायीच समजत नाई न?"

मी त्याच्याकडे पाहिलं. मला त्याचा कायदा माहीत होता. मी म्हटलं, "नाही उकंडाभाऊ. काहीच समजत नाही."

खोटं होतं ते. सोनूला सगळं समजत होतं. पण माणूस म्हणून त्याची सुटका होत नव्हती, तर जनावर म्हणून होऊ दे, असा मी विचार केला.

दुसऱ्या दिवसापासून उकंडानं काठी दाराबाहेर ठेवली, सोनूचे दोर सोडले आणि पंधरा पावलांवर उकिडवा बसला, फुटाण्याची पुडी घेऊन. सोनूची मान ताठ झाली की हा लगेच उठून मागे सरायचा. डोकं आपटायच्या आधी. मान सैल झाली की एक मूठ फुटाणे जमिनीवर ठेवून निघून यायचा. बस, एवढंच. दिवसातून दहा वेळा. "त्याले कोनी जवळ नाई पाह्यजे मॅडम. डोकं आपटलं की लोक मांगं सरतात, म्हून आपटते. म्या आधीच सरतो." आठवड्यानं बारा पावलं, मग आठ, मग पाच. श्रावण लागेपर्यंत सोनू त्याच्या शेजारी बसून त्याच्या हातातून फुटाणे खात होता. कपाळावरच्या खपल्या गळून गेल्या. एका सकाळी पुडी संपली तेव्हा तो म्हणाला, "अजून." उकंडा धावत माझ्याकडे आला, एवढा मोठा बाप्या, डोळे गळत होते. "बोलला वं माय! बोलला!"

त्याच दिवशी बाजूच्या खोलीत त्यानं एकाला लघवी केली म्हणून लाथांनी तुडवला. हेही मी पाहिलं. सोनू वेगळा होता ना, सोनूला समजत नव्हतं!

पण काहीतरी त्याच्या आत हललं होतं. पोळा आठवड्यावर आला तेव्हा तो आपणहून साहेबांकडे गेला. पोळ्याला आमच्याकडे कोणी जनावरावर काठी उचलत नाही. आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तुपानं शेकायचे, त्याला जेवायचं आवतन द्यायचं, आणि पोळ्याला पुरणपोळी खाऊ घालायची. उकंडा म्हणाला, त्या दिवशी सगळ्यांचेच दोर काढू. सगळ्यांना पंगतीला बसवू. दिवस सुरळीत गेला तर दोर कायमचेच काढू आणि सोन्यालाही शेड नको. पोळ्यानंतर चार दिवसांनी कोणी सरकारी पाहुणे केंद्र बघायला येणार होते. साहेबांना फोटो दिसले. ते हो म्हणाले. वर म्हणाले, "गडबड झाली तं तुही काठी तुह्याच पाठीवर अन् तुहा सोन्या शेडमध्ये."

आदल्या संध्याकाळी उकंडा तूप-हळद गरम करून प्रत्येकाच्या खाटेपाशी गेला. दोरानं सोलवटलेल्या मनगटांवर पळसाच्या पानानं ते लावलं आणि बैलांना म्हणतात तेच म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." काही माणसं त्याचा हात जवळ आला तशी थरथरत होती. दीनानाथ काकांनी मात्र वाकडी बोटं स्वतःहून पुढे केली. "हो जी," म्हणाले. उकंडा मला म्हणाला, "पाहा मॅडम, सारे हातावर आले." माणसाळलेल्या गोऱ्ह्याला तो असंच म्हणायचा.

इथेच त्याची चूक झाली. आणि त्याच्याआधी माझी, कारण माझ्या वहीत तेच लिहिलेलं होतं. त्यानं एकट्या सोनूला शिकवलं होतं. बाकीच्या तेहतीस जणांना फक्त दाबलं होतं. पंचवीस वर्षं गोऱ्हे शिकवलेल्या माणसाला हा फरक कळू नये? पण त्यानं आयुष्यात कधी मारलेला बैल पाळलाच नव्हता. मारलेलं जनावर काठी खाली ठेवल्यावर काय करतं, हे त्याला माहीतच नव्हतं.

पोळ्याच्या दुपारी अंगणात पंगत बसली. दोर एकालाही नव्हता. उकंडानं तुतारी हळदकुंकू लावून ओट्यावर आडवी ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी, आणि मोठ्यानं म्हणाला, "आज हे उठनार नाई." स्वयंपाकाची कोकिळा पुरणपोळ्या वाढत होती. वाढायला मदत म्हणून उकंडानं काकांना उठवलं. सगळ्यांत शांत तेच ना! काका तुपाची वाटी घेऊन ओट्यापाशी गेले. वाटी ठेवली. काठी उचलली.

पहिला घाव उकंडाच्या कानशिलावर बसला. तो वाकून सोनूच्या ताटात पोळी ठेवत होता. त्याला कळलंच नाही कोण. त्यानं मान वळवली तर दुसरा घाव तोंडावर. दात पडलेले मी पाहिले. काका ओरडत नव्हते. चेहरा रोजच्यासारखा, रेघा आखताना असायचा तसाच, आणि हात चालूच. तिसरा, चौथा, पाचवा. उकंडानं हात वर केला तेव्हा कोपराचं हाड तुटलं. मग पंगत उठली. जेवता जेवता उठली. कोणी ताट घेऊन, कोणी परात, कोणी वरवंटा. ज्याला हौदात बुडवला होता तो त्याच्या छातीवर गुडघे टेकून बसला आणि मूठमूठ पुरण त्याच्या तोंडात कोंबू लागला, "खा! खा! आवतन दिलं होतं न!" तो दारुडा त्याच्या पोटऱ्यांवर नाचत होता. कोकिळा किंचाळत फाटकाकडे पळाली. मी तिथेच उभी. खरं सांगू? माझ्या मनाचा एक कोपरा म्हणत होता, हाणा. आणि दुसरा कोपरा म्हणत होता, आता हे माझ्याकडे वळले तर? कारण ज्या वहीमुळे त्यांची गादी, चहा, पत्रं तुटायची ती माझ्या काखेत होती.

एकच माणूस त्या गर्दीत मारत नव्हता. सोनू. तो गुडघ्यांवर रांगत मधे घुसला, त्याच्या पाठीवर दोन-तीन परातीचे घाव बसले, आणि त्यानं उकंडाचं फुटलेलं डोकं दोन्ही तळहातांनी धरलं. नुसतं धरलं. स्वतःचं डोकं त्यानं एकदाही कुठे आपटलं नाही. त्याच्या बोटांमधून रक्त वाहत होतं आणि तो म्हणत होता, "अजून नाई. अजून नाई." त्याला तेवढेच शब्द येत होते.

साहेब जवळच्या विटाभट्टीवरून सहा माणसं घेऊन आले. रबरी पाइप, पट्टे, एकाकडे तर सळई. अर्ध्या तासात अंगण साफ. किती जणांची हाडं मोडली ते कोणी पाहिलंच नाही. काका तोपर्यंत काठी ओट्यावर जागच्या जागी ठेवून भिंतीला पाठ लावून बसले होते. "काका, उठा." "हो जी."

साहेब माझ्या खोलीत आले, दार लावलं. म्हणाले, "लिहा. सोनूनं मारलं." मी म्हटलं, सोनू तर... ते म्हणाले, "हात पाहा त्याचे, रक्तानं भरले हायेत. म्हाताऱ्याचा पोरगा कोन हाय माहीत हाय न? अन् या योजना, खुणा, वह्या कोनाच्या, हे मी सांगू काय पोलिसायले?"

मी लिहिलं. थू माझ्या जिनगानीवर, पण मी लिहिलं. 'सोनूने हल्ला केला.' अक्षर सुद्धा चांगलं आलं होतं. मग सोनूला मागच्या शेडमध्ये नेलं.

आठ रात्री मी डोळ्याला डोळा लावला नाही. नवव्या दिवशी सकाळी यवतमाळला गेले, जिथे उकंडाला भरती केलं होतं. डोक्याला टाके, एक डोळा मिटलेला, हात प्लास्टरमध्ये, पुढचे दात नाहीत. मला पाहिल्याबरोबर पहिलं काय विचारलं त्यानं? "सोन्या कुठी हाय?"

मी सांगितलं. काय लिहिलं तेही सांगितलं. त्यानं सलाइनची सुई उपसून टाकली आणि पाय खाटेवरून खाली सोडले. सिस्टर धावत आली तर म्हणाला, "बाई, आता कोनी मले बांधू नका, मी जाऊन राह्यलो." मी वच्छलाबाईंना सोबतच आणलं होतं, त्या बाहेर पायरीवर बसल्या होत्या. तिघं एसटीनं दिग्रसला आलो. गाडी हादरली की उकंडा कण्हायचा.

फाटकात साहेब आडवे आले. उकंडा म्हणाला, "साहेब, ठान्यात जाऊन सांगतो. कोनी मारलं ते नाई. दोन वर्षं म्या कोनाकोनाले मारलं अन् कोनाच्या हुकमानं, ते सांगतो. मले जेल होऊ द्या. तुमी पन या." मी वही छातीशी धरून त्याच्या शेजारी उभी होते. म्हटलं, "आणि मी ही देते. पहिल्या पानापासून." साहेबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा वहीकडे. मग किल्ली जमिनीवर फेकली. "घेऊन जा तुमचा येडा."

आम्ही दुसऱ्याच दिवशी ठाण्यात गेलो. पुढे काय झालं, कोणावर किती कलमं लागली, उकंडाला आणि मला किती वर्षं कोर्टात खेटे घालावे लागले, ते सगळं नंतरचं. उकंडाचा तो हात पुन्हा सरळ झाला नाही आणि उरलेलं आयुष्य त्यानं रुक्माबाईच्या, म्हणजे बायकोच्या, मजुरीवर काढलं. मला सांगायचंय ते त्या दुपारचं.

कोठीचं दार उकंडानं एका हातानं उघडलं. आत काळोख, घाण, उकाडा. सोनूची साखळी काढली; बाकी तिघांच्या दुसऱ्या दिवशी पोलिसांनी काढल्या. सोनूच्या कपाळाचं सगळं मांस झालं होतं. उकंडा सवयीनं पाच पावलांवर उकिडवा बसला, तुटक्या तोंडानं म्हणाला, "सोन्या, चाल. माय आली तुही." सोनूनं त्याच्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही, मला सांगता येणार नाही. तो उठला, पाच पावलं स्वतः चालत आला, उकंडासमोर उभा राहिला आणि दोन्ही मनगटं एकाला एक जोडून त्यानं पुढे केली. बांधायला.

"नाई रे बापा," उकंडा म्हणाला, "नाई. आता नाई." त्यानं एका हातानं ती मनगटं खाली केली. सोनूनं पुन्हा वर केली. पुन्हा खाली, पुन्हा वर. उकंडा रडायला लागला, मोठ्यानं, तोंड वासून. त्याच्या टाक्यांतून रक्त यायला लागलं. सोनू दारातून पाऊल बाहेर टाकेना. आईनं ओढलं, मी समजावलं, फुटाणे पुढे केले. तो हात जोडून तसाच उभा.

शेवटी वच्छलाबाई पुढे झाल्या. त्यांनी लुगड्याचा पदर फाडला, त्याची पट्टी केली आणि आपल्या पोराची मनगटं आपल्याच हातानं बांधली. तेव्हा कुठे तो चालायला लागला.